तगरीची खरड छाटणी

जुळे सोलापुरातल्या आमच्या घराला गेट आणि पायरी यांच्यामध्ये दोन तगरी आणि तीन जास्वंदी आहेत. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाली त्या वर्षी तिने ही झाडं लावली. पुढे तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला आणि तिचं जग पलंगापासून पायरीपर्यंत उरलं. पण पहाटे साडेपाचला गेटची कडी वाजायची आणि गल्लीतल्या चार-पाच बायका देवासाठी फुलं तोडायला आत यायच्या. आई आधीच पायरीवर येऊन बसलेली असायची. फुलं पाच मिनिटांत तोडून व्हायची, बोलणं अर्धा तास चालायचं. दिवसभरात आईकडे येणारी माणसं तेवढीच.

मला हे पटायचं नाही. बाबा शाळेत क्लार्क होते आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संघटनेची पत्रकं तेच लिहायचे. दिवाणाखाली गठ्ठे असायचे. मी बाराखडी शिकले ती त्या पत्रकांवर बोट फिरवून. बाबा गेले तरी ती भाषा माझ्यात राहिली; आता मीही एका संघटनेचं काम करते. कुणाच्या दारात शिरून न विचारता काही तोडून न्यायचं, हे माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. एकदा मी गेटवर उभी राहून बोललेही, "विचारून तोडत जा. आणि फांद्या मोडू नका." बायका हसल्या. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

झाडांना मात्र पाच-सहा वर्षांत कात्री लागलेली नव्हती. खाली नुसती वेडीवाकडी लाकडं आणि पानंफुलं सगळी वर, पार गच्चीच्या कठड्याला टेकलेली. एसटीतून रिटायर झालेल्या एका ड्रायव्हरची बायको आकडी लावलेली काठी घेऊन यायची. तिला आम्ही आकडीवाल्या मावशी म्हणायचो. मान दुखेपर्यंत वर बघून त्या एक दिवस म्हणाल्या, "बाई, तुमची फुलं आता देवालाच दिसत्यात की. आमाला न्हाईत."

सगळ्या हसल्या, आईसुद्धा. पण येणाऱ्या पाचाच्या तीन झाल्या आणि तिनाच्या दोन. एप्रिलमध्ये आई मला म्हणाली, "जरा खाली आण गं झाडं. हाताला फुलं लागली की येतील सगळ्या." माझ्याकडे ती सहसा काही मागत नाही.

आता मला छाटणी माहीत होती, असं मला वाटत होतं. करकंबला मामाची द्राक्षबाग आहे. शाळेच्या सुट्टीत तिथे गेलं की खरड छाटणी चाललेली असायची. वर्षभर वाढलेलं सगळं काढून टाकायचं, वेलीचे नुसते जाड हात तारेवर ठेवायचे. आदल्या दिवशीची हिरवी बाग दुसऱ्या दिवशी जळल्यासारखी दिसायची आणि पंधरा दिवसांत पुन्हा फुटायची. मला त्याचं फार कौतुक होतं. बदल म्हणजे असा, मुळापर्यंत, एका दमात, असं मी एका लेखातही लिहिलं होतं.

एका रविवारी मी करवत आणि कात्री घेऊन झाडांना भिडले. आई पायरीवर होती. तगरीची पहिली जाड फांदी पडली तेव्हा कापातून पांढरा चीक माझ्या मनगटावर ओघळला. आई म्हणाली, "बास, तेवढी पुरे."

"अर्धवट करायचं तर करायचंच कशाला?"

"एकेक फांदी तरी ठेव प्रत्येकाला."

"जुनं ठेवलं की नव्याला वाव मिळत नाही, आई."

"अगं, ती झाडं आहेत. तुझी कार्यकारिणी नाही."

मी हसले आणि कापत राहिले. अकरा वाजेपर्यंत पाचही झाडांचे गुडघ्याएवढे खुंट उरले होते आणि ऊन पहिल्यांदाच थेट पायरीवर आलं होतं. आई वॉकर उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडी वाजली. आकडीवाल्या मावशी आणि आणखी एक जण आत आल्या आणि दोन पावलांवरच थांबल्या. त्यांनी खुंटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आई म्हणाली, "या की, बसा."

"नको बाई. देवाची येळ झाली," मावशी म्हणाल्या आणि कडी लावून गेल्या.

पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले. एकही कोंब नाही. उन्हाकडची साल तडकायला लागली. मी मामाला फोन केला. काय केलं ते सांगितलं.

"सगळं काढलंस?"

"खरड छाटणीसारखं."

"आगं येडे, द्राक्षाला ड्रीप हाय. बुडात शेणखत हाय. पोरासारखं बघतो आमी तिला. तुमच्या नळाला पाणी कदी येतंय?"

"चार दिवसांनी."

"मग? दारातल्या झाडाचा तिसरा हिस्सा काढायचा यंदा, तिसरा फुडच्या साली. त्यो बी पावसाच्या तोंडावर. तुला कुनी सांगितलं भर उन्हात सगळी बोडकी करायला?"

"आता काय करू?"

"आता काय करतीस? नखानं साल खरवडून बघ. आत हिरवं असंल तर जित्तं हाय. आन् बघत बस."

बघत बसणं मला येत नाही. मला निवेदन लिहिता येतं, मोर्चाची परवानगी काढता येते, अधिकाऱ्याला दारात अडवता येतं. इथे अडवायला कुणी नव्हतं. करवत माझीच होती. मी खुंटांना ओलं गोणपाट गुंडाळलं, बांबू रोवून वर आईच्या जुन्या साड्यांची सावली केली. आई अंघोळीचं पाणी बादलीत धरून ठेवायची आणि मला हाक मारायची. मी रोज सकाळी नखाने साल खरवडायची. एक दिवस ती म्हणाली, "रोज असं सोललंस तर जिवंत असलेलंही मरेल." त्यानंतर मी लपून खरवडायला लागले.

आई मात्र पहाटे उठून पायरीवर बसायचं सोडत नव्हती. पाचला वेणी घालायची, धुतलेली साडी नेसायची. बायका आता कोपऱ्यावरच्या बंगल्यात जात होत्या. तिथे कुंपणाला जास्वंद आहे आणि घरातलं कुणी त्या वेळी उठलेलं नसतं. पिशव्या घेऊन त्या गल्लीच्या टोकावरूनच परत फिरायच्या, त्यांचं बोलणं ऐकू आलं की आई हात वर करायची. आमच्या गेटपर्यंत कुणी यायचं नाही, आई कुणाला दिसायची नाही.

जूनच्या शेवटी जास्वंदीच्या खुंटावर तांबूस टोकं दिसली. मी ओरडतच आत गेले. श्रावण लागेपर्यंत तिन्ही जास्वंदी कमरेएवढ्या झाल्या आणि फुलल्या. एक तगर फुटली. पायरीजवळची फुटली नाही. तिचं खोड हाताने हलवलं तर हललं. पण फुलं होती, बसल्या जागेवरून हाताला लागतील अशी. आई म्हणाली, "आता सांग त्यांना."

आकडीवाल्या मावशी मला रिक्षा स्टॉपवर भेटल्या. मी म्हटलं, "मावशी, फुलं आलीत आमच्याकडे. काठीचं काम नाही आता. या ना."

"व्हय? बरं झालं की," त्या म्हणाल्या. मग पिशवी दुसऱ्या हातात घेत, "आमाला वाटलं, आमी येऊ नये म्हनून छाटलीस."

"नाही हो! तुमच्यासाठीच तर..."

"तू बोललीवतीस की मागं. गेटवर."

"ते वेगळं होतं, मावशी. तो विचारून तोडण्याचा प्रश्न होता. तुम्ही येऊ नये असं नव्हतंच. उलट आईनेच..." मी बोलत गेले. मुद्दे बरोबर होते, क्रमही बरोबर होता. त्या मान हलवत ऐकत होत्या, सभेला आणून बसवलेल्या माणसाने ऐकावं तसं.

"तसं न्हाई गं," शेवटी त्या म्हणाल्या. "तुझा राग न्हाई आमाला. पर एकदा पाय दुसरीकडं वळला की वळला. आन् आमच्यापायी बाईंना त्या गुडघ्यांनी पहाटेचं भाईर येऊन बसायला लागायचं. आमालाच कसंतरी व्हायचं. आता निजत्यात तरी."

त्यांची रिक्षा आली. मी उभीच राहिले. आई निजत नाही, हे तेवढं एक वाक्य मला वेळेवर बोलता आलं नाही.

घरी आले तेव्हा आई पायरीवर परडी पुसत बसली होती.

"भेटल्या का?"

"भेटल्या."

"काय म्हणाल्या?"

"येतो म्हणाल्या."

"त्यांच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं. मुलगा झाला की मुलगी, विचारलंस?"

"नाही."

"काय गं तू. बरं, मीच विचारेन," आई म्हणाली. "उद्या मला पावणेपाचलाच उठव. केस धुवायचेत."