उन्हावर गार राहिलेलं औषध

माझ्या आईला हिवरखेडला, तिच्या माहेरच्या मळ्यात मुक्काम करायचा होता. पण तिचं इन्सुलिन फ्रीजवाचून टिकत नाही आणि मळ्यात वीज येते ती रात्रीची, तीही फक्त विहिरीवरच्या पंपाला. त्यामुळे कित्येक वर्षं ती अमरावतीहून सकाळी जायची आणि संध्याकाळी परतायची. शेवटी यंदा मी जीपच्या मागे जोडायचं चाकांवरचं घर घेतलं. त्यात छोटा फ्रीज, बॅटरी आणि छतावर सोलर पॅनल.

मळ्यात पोचल्याबरोबर मी ते कडुनिंबाच्या सावलीत लावलं. वऱ्हाडातलं माणूस एप्रिलात दुसरं काय करणार! मीटरवर करंट जेमतेम. मग डोक्यात प्रकाश पडला, छतही सावलीतच होतं. उन्हात हलवावं तर आम्ही दोघी आत भाजून निघालो असतो. म्हणून घडीचं जादा पॅनल बांधावर भर उन्हात मांडलं, वायर ओढली आणि बॅटरीचा आकडा साडेतेरा व्होल्टवर गेला. मला वाटलं, भरली. खुशाल आडवी झाले.

जाग आली तेव्हा करंट शून्य आणि बॅटरी बारावर. त्याखाली गेली की फ्रीज बंद पडतो. साडेतेरा हा चार्जिंगचा जोर होता, बॅटरीतला साठा नव्हे, हे तेव्हा कळलं. धावत बाहेर गेले. पॅनलवर ओलं लुगडं पसरलेलं आणि शेजारी बादली घेऊन आई उभी.

"माय, हे काहून केलं?" मी ओरडलेच.

"तपून राहिलं होतं बिचारं. हात लावून पाह्य बरं! आपल्याले ऊन लागते, त्याले नाई लागत?"

आता हिच्यापुढे काय डोकं फोडायचं! त्यातून तिचं अगदीच चूक नव्हतं. फार तापलं की पॅनल वीज कमीच देतं. त्याला उजेड हवा असतो, ताप नको असतो. एवढं सांगून मी लुगडं ओढलं आणि तिला दारातल्या मीटरपाशी उभं केलं. मी उन्हाच्या आड येऊन पॅनलवर सावली पाडली की करंट उतरायचा, बाजूला झाले की चढायचा. तिने मला पुन्हा पुन्हा तेच करायला लावलं.

"एवढ्या दुरून येते वं हे ऊन," ती म्हणाली, "अन् तुई सावलीबी त्याले समजते!"

माझ्या अंगावर काटा आला. ज्या उन्हाला जन्मभर शिव्या घातल्या, डोकं बांधून ज्याच्यापासून पळाले, तेच मुकाट्याने वायरीतून आत जाऊन माझ्या आईचं औषध गार ठेवत होतं. मला खरंच हात जोडावेसे वाटले.

दिवस मावळला, चार्जिंग थांबलं. मधेच फ्रीजही घटकाभर गप्प झाला, तेव्हा मी मीटर पाहिला. बॅटरीत खरं किती उरलंय ते अशा विसाव्यातच दिसतं. साडेबारा. रात्र निभणार होती. आईने औषधाची गार बाटली गालाला लावून पाहिली.

मी सवयीने विचारलं, "सकाळी किती वाजता निघायचं?"

ती बाजेवर पाय पसरून बसली. "मी तं राहतो. तुले जायचं असन तं जाय. हे घर तेवढं इथंच ठेव."