आपण म्हणजे कोण

आमच्या कंपनीत एका वर्षी 'तुम्ही' आणि 'आम्ही' या दोन शब्दांवर बंदी आली. घातली ती परिवर्तन साहेबांनी. हे त्यांचं नाव नव्हे. बदल घडवायला हेड ऑफिसनं त्यांना वाळूजच्या कारखान्यात धाडलं होतं. त्यांच्या पदाचं लांबलचक इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पेंट शॉपनं हे बारसं केलं. साहेबांचं म्हणणं असं, की मोठ्या संस्थेत बदल अडतो तो यंत्रांमुळे नाही, अविश्वासामुळे, आणि अविश्वासाची सुरुवात होते सर्वनामापासून. यापुढे सगळ्यांनी 'आपण' म्हणायचं. चुकेल त्यानं जागच्या जागी कान पकडायचे, मग तो साहेब असो की झाडूवाला.

मी प्रशिक्षण विभागात होतो. कॅन्टीनच्या भिंतीवर 'आपण' हा शब्द हातभर उंचीचा रंगवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. शब्द मोठा सोयीचा आहे. तू आणि मी मिळून आपण, आणि समोरच्याला मान देऊन लांब बसवायचं असेल तर तोही आपण. मला भिंतीवर व्याकरण दिसत होतं. साहेबांना कुटुंब दिसत होतं.

या कुटुंबात एकच अडचण होती, मामू. हर्सूलचा, पेंट शॉपमधला सगळ्यात जुना स्प्रे मारणारा. नवे रोबो येऊन पडले होते, पण त्यांना रंग मारायला शिकवायचं तर जाणत्या माणसानं रोबोचा हात धरून पत्र्यावरून फिरवावा लागतो. यंत्र ती चाल लक्षात ठेवतं. मामू हात धरेना, म्हणून कुणीच धरेना. रोबो शिकला की आपलं काय, हे कळायला प्रशिक्षण लागत नव्हतं. मामूच्या घरात कमावता तो एकटाच, आणि पन्नाशी उलटलेल्या रंगाऱ्याला वाळूजमध्ये दुसरं कुणी गेटच्या आत घेत नाही.

मग विश्वास बांधायचं काम सुरू झालं. साहेब ताट घेऊन मामूसमोर बसू लागले. 'लई' म्हणायला शिकले आणि भलत्याच जागी म्हणू लागले.

"मामू, आज डाळ लई आहे."

मामूनं त्यांच्या वाटीत वाकून पाहिलं. "कम कर दूँ, साब?"

एकदा साहेबांच्या तोंडून 'तुम्ही' निसटलं, तर अख्ख्या शॉपसमोर दोन्ही कान पकडून उभे राहिले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. ईदला साहेब हर्सूलला मामूच्या घरी गेले, शीरखुर्मा दुसऱ्यांदा मागून घेतला आणि निघताना मामूच्या आईच्या पाया पडले. म्हातारी दचकून मागे सरकली. तिला वाटलं, साहेबांचं काही खाली पडलं.

तपासणीला आमच्याकडे एक ताई होती, रोज सकाळी मामूच्या सलामाला जय भीमनं उत्तर देणारी. ती म्हणाली, "मामू, इतका गोड माणूस एक तर सोयरीक घेऊन येतो, नाय तर मत मागायला. तुमच्याकडं लग्नाचं कुणी नाय, अन् निवडणूक लई लांब हाय."

"तुम बडी शक्की हो, ताई. हमारे घर का शीरखुर्मा पिया उसने."

"मग? आमच्या वस्तीत येऊन बी पुढारी जेवून जातात. फोटोवाला संगं असतो."

"ये बिना फोटो के आया था," मामू म्हणाला. त्याच्या लेखी विषय संपला.

तरी त्यानं कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर विचारून घेतलं. "साब, एकच बात सांगा. रोबो शिकला तर माणसं राहणार का जाणार?"

साहेबांनी छातीवर हात ठेवला. "मामू, आपण सगळे इथंच राहणार."

दुसऱ्या दिवशी मामूनं रोबोचा हात धरला. त्याच्यामागोमाग बाकीच्यांनी धरला. मामूची एक लकब होती. रंगाचा एक पट्टा मारून संपला की मनगटाला बारीक झटका द्यायचा. पूर्वीच्या स्प्रे गनच्या तोंडाशी थेंब धरायचा, तो झाडायची सवय. रोबोनं तीही उचलली. इंजिनिअर म्हणाला, हा झटका काढून टाकू. साहेब म्हणाले, "असू दे. मामूची आठवण राहील."

मामू तिथंच उभा होता. त्याला हा मान वाटला.

रोबो नीट चालू लागल्यावर साहेबांनी पेंट शॉपला कॅन्टीनमध्ये बोलावलं. चहाबरोबर त्या दिवशी समोसाही होता. ते भिंतीवरच्या शब्दाखाली उभे राहिले.

"आपण एक अवघड निर्णय घेतला आहे," ते म्हणाले. "या शॉपला आता इतक्या माणसांची गरज उरलेली नाही. आपण आजवर जे दिलंत, त्याबद्दल कंपनी ऋणी आहे. सोमवारपासून आपण यायचं नाही."

वाक्यात चूक शोधायला गेलं तर एकही नव्हती. मामूनं हातातला समोसा बशीत ठेवला.

"अपन मतलब कौन-कौन, साब? आप भी?"

"नाही, मामू. आपण म्हणजे..." साहेब थांबले. "तुम्ही."

"कान, साब," मामू म्हणाला.

आणि साहेबांनी खरोखर कान पकडले. वर्षभराची सवय. माणसं हसली, तीही सवयच. मामूही हसला. मग साहेबांनी हात खाली घेतले आणि मामूबद्दलचा निर्णय होता तसाच राहिला.

साहेबांना यथावकाश बढती मिळाली. विश्वासाच्या बळावर कारखाना कसा बदलला, हे ते आता ठिकठिकाणी सांगतात. मध्यंतरी दुसऱ्या कारखान्यांची माणसं घेऊन आमच्याकडे आले. काचेपलीकडे रोबो रंग मारत होता. पट्टा संपला की मनगटाला एक झटका, पुन्हा पट्टा, पुन्हा झटका. एका पाहुण्यानं विचारलं, हे असं का करतो?

"बारकावा आहे तो," साहेब म्हणाले. "आपण शिकवलाय त्याला."

ताई माझ्या शेजारी उभी होती. साहेबांकडे बघत तिनं स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरली, आणि साहेब काचेकडे वळेपर्यंत सोडली नाही.