चार प्रबंधांची सहल आणि माझे चुकलेले रविवार

शुक्रवारी दुपारी विद्यापीठाच्या ऑफिसात माझ्या हातात एक पाकीट पडलं आणि शनिवारी सकाळी मी सहलीला निघाले. मधली रात्र सांगण्यासारखी नाही. रडले, एवढंच.

आधी पाकिटाचं सांगते. मी डोंबिवलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते आणि गेली सहा वर्षं पीएचडी करतेय. विषय, ठाण्याच्या खाडीच्या चिखलात हातानं निवटे मासे, चिंबोऱ्या, खुबे धरणाऱ्या कोळणी. बाहेरच्या परीक्षकांनी अहवालात एकच प्रश्न काढला होता. मुख्य तक्त्यात एका रविवारी टोपली भरलेली आणि पुढच्या रविवारी जवळजवळ रिकामी, असं का? ही निरीक्षणं विश्वासार्ह धरायची का? तोंडी परीक्षा पुढच्या गुरुवारी होती. त्या एका तक्त्यावर माझी तीन प्रकरणं उभी होती. तो कोसळला तर सहा वर्षं अक्षरशः खाडीत.

पोचपावतीवर सही करणारे साहेब जेवायला गेले होते, म्हणून मी ग्रंथालयात प्रबंधांच्या कपाटापुढे जाऊन बसले. आपल्या भागावर केवढं काम झालंय याची मला गंधवार्ता नव्हती! उल्हास नदीतली जलपर्णी, तिला खेटून मोहन्याच्या कामगारांचं म्हातारपण, मग आगरी लग्नात गातात ते धवले, सिग्नलला अडकलेल्या गाड्यांचं गणित, खाडीच्या चिखलातले जिवाणू, दिवा गावातल्या बायकांचा पाण्यापायी जाणारा वेळ. इतकी माणसं वह्या घेऊन माझ्याच गल्लीबोळातून फिरून गेली होती आणि एकमेकांना बहुधा कधी भेटलीही नव्हती. जलपर्णीचा प्रबंध तर माझ्या मैत्रिणीचा, आमच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या वैशालीचा. तिला फोन केला.

"अगं, घरी बसून रडण्यापेक्षा चल," ती म्हणाली. "त्या कपाटातल्या जागा बघून येऊ. बाकीच्यांनी काय काय माती खाल्लीय ते तरी कळेल. स्कूटर माझी, पेट्रोल तुझं."

शनिवारी सातला निघालो. कुणाला जायचं असेल तर एवढंच सांगते, आठच्या आत पत्रीपूल ओलांडा, नाहीतर कल्याणलाच दुपार होते. शहाडला उल्हासच्या काठी पोचलो तेव्हा नदी दिसतच नव्हती, नुसतं हिरवं मैदान. लांबून इतकं सुंदर दिसतं की फोटो काढावासा वाटतो, मग वास येतो. काठावर एक आजोबा बसले होते.

"मॅडम, ही पानं काढायला आल्यात का?"

"नाही काका, अभ्यासाला आलेलो."

"अभ्यासानं निघत असतील तर मी पण बसतो अभ्यासाला!"

वैशाली हसली आणि मग तिनं मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षी तिनं नमुने घेण्याच्या जागा जलपर्णीच्या तरंगत्या पुंजक्यांवरूनच ठरवल्या होत्या. एक जोराचा पाऊस झाला आणि तिच्या सगळ्या जागा वाहून पुढे गेल्या! वर्ष फुकट. मग तिनं पुलाच्या खांबांवरून नव्यानं मापं घेतली. "तुझी खाडी निदान जागेवर तरी आहे," ती म्हणाली. मला त्या क्षणी ते खरंच वाटलं नाही.

मोहन्यात बंद पडलेल्या जुन्या रेयॉनच्या कारखान्याजवळ टपरीवर चहा आणि गरम भजीपाव घेतला. चाळीस रुपयांत दोघींचं पोट भरलं. शेजारी बसलेले काका निवृत्त कामगार निघाले. आम्ही प्रबंधाचा विषय काढताच ते खुलले. "आलेली ना एक पोरगी. विचारायची, रिकामा वेळ कसा घालवता? मी म्हटलं, तुझ्या प्रश्नांची उत्तरं देण्यात." हसता हसता ते थांबले. "पण पोरगी गुणाची. लिहिलेलं सगळं परत येऊन वाचून दाखवलं तिनं. मी तीन ठिकाणी चुका काढल्या."

मी भजी खाली ठेवली. सहा वर्षांत मी एकाही कोळणीला एक ओळ वाचून दाखवली नव्हती.

रविवारी सकाळी कल्याण-शीळ रस्त्यानं निघून शीळफाट्याला दिव्याकडे वळलो. रस्ता अरुंद आणि खोदलेला आहे, मोठी गाडी नेऊ नका. एका गल्लीत टँकरची वाट बघत निळे ड्रम रांगेत उभे होते, माणूस एकही नाही. खिडकीतून एका ताईंनी आवाज दिला, "ओ, त्या लाल झाकणाच्या पुढे नका लावू, तो माझा नंबर आहे!" आम्ही पाण्याला आलेलो नाही म्हटल्यावर त्यांनी आत बोलावलं. ड्रम रांगेत आणि बाई घरात पोळ्या लाटतेय, अशी तिथली रीत. नुसते ड्रम मोजणाऱ्याला ती दिसणारच नाही. ती विचारूनच कळते.

अकराला ठाणे पूर्वेच्या कोळीवाड्यात पोचलो. खाडी भरलेली होती. गुलाबमावशी ओट्यावर जवळा निवडत बसल्या होत्या. सत्तरीच्या आहेत, मी सहा वर्षं त्यांच्याच मागे चिखलात फिरले. प्रबंधाची प्रत काढून मी तक्ता वाचून दाखवला आणि परीक्षकांचा प्रश्नही सांगितला.

मावशींनी हातातला जवळा खाली ठेवला. "अगो, तू येवाचीस आयतवारी सात वाजता. पानी काय तुजा आयतवार बगून उतरतं? तिथीची पाऊणपट कर. अष्टमीला आठाची पाऊणपट सा. सा वाजता समिंदराला भरती, हितवर यायला अजून तास. तू यायचीस तवा खाडी काठोकाठ. आमी काय पवून निवटे धरू?"

"आणि अमावास्येला?"

"अवसेला, पुनवेला हितं बारा वाजता भरती. म्हंजे सकाळी चिखल मोकळा. तवा टोपली भरनारच."

एका आठवड्याला अमावास्या, पुढच्याला अष्टमी, त्याच्या पुढच्याला पौर्णिमा. आणि मी दर रविवारी सातला हजर, कारण रविवारी कॉलेजला सुटी. अकरावीला भरती-ओहोटी मीच शिकवते हो! फळ्यावर तीन गोल काढते, चंद्र, सूर्य, पृथ्वी. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मावशी, मग मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कवा? तू इचारलंस टोपलीत किती, मी टोपली दावली."

वैशालीनं तोंडाला ओढणी लावली होती, हसू दाबायला. मग तीच म्हणाली, "वहीत तारखा आहेत ना तुझ्या? तारखेवरून तिथी काढता येते की!"

मावशींच्या भिंतीवर नव्या कॅलेंडरच्या मागे त्याच खिळ्याला जुनी सगळी कॅलेंडरं टांगलेली होती. खाली काढली, धूळ झटकली. मी वहीतली तारीख सांगायची, वैशालीनं तिथी शोधायची, मावशींनी त्यावरून टोपली "भरली" किंवा "खाली" म्हणायचं, तेही माझा तक्ता न बघता. पहिल्या दहा नोंदी जुळल्या तेव्हा माझा विश्वास बसेना. दुपारी तीनला शेवटची जुळली. माझी निरीक्षणं खरी होती, मी लावलेला क्रम तेवढा चुकीचा होता. छातीवरचा धोंडा उतरला आणि मी परत रडले, पण या वेळी मावशींनी केलेल्या निवट्यांच्या कालवणासमोर, भाताचा घास हातात घेऊन.

एक गोष्ट मात्र उरली. चौथ्या प्रकरणात मी निष्कर्ष लिहिला होता की घरकामामुळे या स्त्रियांच्या कामात सातत्य राहत नाही. तोही वाचला. मावशींनी विचारलं, "सातत्य म्हंजे?"

"म्हणजे... नेमानं करणं."

त्यांनी कॅलेंडरं परत खिळ्याला टांगली. मग म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवापासून अवस-पुनवेचं एक उधाण चुकवलं नाय मी."

ते वाक्य मी त्यांच्यासमोर पेनानं खोडलं. मला लाज वाटली, आणि अजून वाटते.

गुरुवारी परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला. मी तिथीनुसार लावलेला तक्ता पडद्यावर दाखवला आणि रविवारची चूक न लपवता सांगितली. त्यांनी तो ओळीनं वाचला, मग म्हणाले, "आता हे बोलतंय." शेवटी रिवाजाप्रमाणे अध्यक्षांनी विचारलं, उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचंय का? सहसा कुणी उठत नाही. ठेवणीतलं लुगडं नेसून आलेल्या मावशी उठल्या.

"ही पाऊणपट हिला कुनी शिकिवली, ते लिवलंय का त्यात?"

लिहिलं नव्हतं. आमच्याकडे माहिती देणाऱ्याचं नाव झाकायची पद्धत असते, मावशी माझ्या प्रबंधात 'उत्तरदाती क्रमांक सात' होत्या. मी तसं सांगितलं.

"झाकायला मी काय चोरी केलीय?"

सभागृह हसलं. परीक्षक हसले नाहीत. ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. पद्धत त्यांची आहे, नाव घाला." आणि पदवीसाठी शिफारस केली.

संध्याकाळी डोंबिवलीच्या घरी चपला काढल्यावर पहिल्यांदा जाणवलं की सहा वर्षांत मी इतका मोठा श्वास घेतला नव्हता. पदवी मिळाली याचा आनंद आहेच. पण खरा सुटकेचा निःश्वास त्या खोडलेल्या वाक्याचा आहे. ते तसंच त्या कपाटात जाऊन बसलं असतं, तर पुढच्या दहा जणांनी ते आधार म्हणून उचललं असतं आणि मावशी कागदोपत्री कायमच्या कामचुकार ठरल्या असत्या.

जेवायच्या आधी दुरुस्तीचं पान टाइप केलं आणि मावशींना फोन लावून वाचून दाखवलं. "भरतीची वेळ तिथीवरून काढण्याची पद्धत, गुलाब नाखवा, कोळीवाडा, ठाणे पूर्व, यांनी शिकवली."

पलीकडून आवाज आला, "परत वाच."