पहिल्या नंबराचा मान

शेवंतीचा एकच गुन्हा होता. तिने काम सोपं केलं. आमच्या बांद्याच्या काजू कारखान्यात असा गुन्हा त्याआधी कोणी केला नव्हता, आणि तिचे हाल पाहिल्यावर पुढेही कोणी करायला धजावलं नाही.

मी त्या कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट होतो. मालक दोन भाऊ. थोरले गंगारामशेठ मुंबईला माल पाठवायचं बघत. धाकटे धोंडूशेठ शेड सांभाळत, म्हणजे काजू फोडणाऱ्या बायकांवर ओरडत. दोघांचं कशावरही पटत नसे. पंखा किती जोरात ठेवायचा यावरूनसुद्धा त्यांच्यात अबोला व्हायचा. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी पणजीहून कॉम्प्युटर आणला, तोही कामासाठी नव्हे. सावंतवाडीच्या एका व्यापाऱ्याने आणला होता, म्हणून.

शेवंतीची आई काशीबाई त्याच शेडमध्ये काजू फोडायची. काजूच्या टरफलातून जो चीक निघतो तो कातडी खातो. बायका हाताला राख फासून बसतात, तरी बोटं काळी पडतात, सोलतात आणि शेवटी बधिर होतात. काशीबाईला तव्यावरची भाकरी उचलताना चटका कळत नसे. तिने एकच हट्ट धरला होता, पोरीचे हात असे होऊ द्यायचे नाहीत. म्हणून तिला पणजीला मावशीकडे ठेवून कॉम्प्युटर शिकवला. मशीन आलं तेव्हा बांद्यात ते चालवता येणारी ही एकटीच. गंगारामशेठ म्हणाले, "कर काम. दसऱ्याक कायम करतलंय." ते ऐकून काशीबाईने शेड सोडली. हात तसेही चालत नव्हते.

ते मशीन म्हणजे नुसता छळ होता. सुरू केलं की काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ लुकलुकायची आणि बस्स. पुढे काय हवं ते इंग्रजीत, स्पेलिंग न चुकता, आपण लिहायचं. एक अक्षर चुकलं की मशीन उर्मटपणे नाही म्हणायचं, आणि शेठलोकांना नाही ऐकायची सवय नव्हती. धोंडूशेठ एकदा कीबोर्डवर मूठ आपटून निघून गेले. मग शेवंतीने जेवणाच्या सुट्टीत बसून बसून एक मेनू तयार केला. मशीन सुरू झालं की कामांची यादी आपोआप समोर यायची, इंग्रजी अक्षरांत पण मराठी शब्दांत, आणि प्रत्येक कामापुढे आकडा. आकडा दाबायचा, काम हजर.

"मेनू?" धोंडूशेठ म्हणाले. "खानावळ काडलंस काय गो?" पण एक दाबल्यावर बायकांची हजेरी समोर उमटली तेव्हा ते खूश झाले.

पोरीची चूक झाली ती इथेच. तिने यादी लावली रोजच्या वापराप्रमाणे. हजेरी रोज सकाळी लागते, म्हणून ती एक नंबरला. मुंबईचा माल अधूनमधून जातो, म्हणून तो चौथा. पणजीत असंच शिकवत असतील. पण पणजीच्या मास्तरांना आमचं देऊळ ठाऊक नाही. जत्रेत पहिला नारळ कोणाच्या हातात पडला यावरून इथे सख्खे भाऊ एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत, आणि तो पहिला नारळ पिढ्यान्‌पिढ्या या शेठांच्या घरातल्या थोरल्याचा.

गंगारामशेठनी पडदा पाहिला आणि ते लालबुंद झाले. "देवळात पयलो नारळ माका, आणि हंयसर माजां काम चवथ्या नंबरार? ह्या धोंडूच्या खाली?"

"शेठ, हजेरी रोज लागता म्हणान..."

"लागता तर लागांदे! मानकरी कोण, मी काय तो?"

"मशिनीक मानकरी कित्याक होयो?" धोंडूशेठ दारातून ओरडले. "एक नंबर माजो. बदललंस तर बघ!"

शेवंती रडकुंडीला आली. दोघांपैकी कोणीही एक दुखावला तरी तिचा दसरा हातचा जाणार होता, आणि दसरा गेला की मागे उरत होती ती शेड.

दुसऱ्या दिवशी तिने तोड काढली. मशीन आता आधी विचारायचं, कोण आलं? 'जी' दाबलं की सगळ्यात वर गंगारामशेठचं नाव आणि मुंबईचा माल एक नंबरला. 'डी' दाबलं की धोंडूशेठचं नाव आणि हजेरी पहिली. पहिला नारळ ज्याचा त्याला. दोघे इतके हरखले की येता-जाता आपलं अक्षर दाबून आपलं नाव बघायचे. गंगारामशेठ गिऱ्हाइकांना आत बोलावून दाखवायचे, "बघा, बटण दाबलां की झालां!"

शेवंतीला वाटलं, आता आपली जागा पक्की. भाबडी पोर! जे काम कोणालाही जमतं त्यासाठी माणूस कशाला ठेवायचं, हे तिच्या ध्यानात येण्याआधी त्या दोघांच्या ध्यानात आलं.

दसऱ्याच्या सकाळी ती नवं पातळ नेसून आली. मशीनपुढे रांगोळी काढली, झेंडूची माळ घातली, आपट्याची पानं ठेवली. पूजा झाली. गंगारामशेठनी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "शेवंती, मशीन आता आमची सून बघतली. सावित्री मॅट्रिक आसा. आकडो तर दाबूचो, आणखी काय?"

ती धोंडूशेठकडे बघू लागली. थोरल्याचं एकही म्हणणं त्यांनी आजवर मान्य केलं नव्हतं.

"दादा बरोबर सांगता," धोंडूशेठ म्हणाले.

"पण शेठ, कायम करतलंय म्हणान सांगितलात मां?"

"कामाक नाय कोण म्हणता?" गंगारामशेठ म्हणाले. "तुज्या आवशीची जागा शेडीत रिकामी आसा. बस थंय. कायम."

हे ते दयेने बोलले. आपण उपकार करतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि म्हणूनच मला आजही त्या पेढ्याची किळस येते.

शेवंती जाणार कुठे? सावंतवाडीच्या व्यापाऱ्याकडे त्याचा मुलगाच मशीनवर बसायचा. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. सण सरला आणि काशीबाईने स्वतःच्या हाताने राखेचा डबा पोरीच्या पुढ्यात ठेवला. तेव्हा मायलेकी काय बोलल्या मला ठाऊक नाही.

थोड्याच दिवसांत शेवंतीची बोटं काळी पडली. एका सकाळी सावित्री मशीनवर अडली आणि तिने शेडमधून शेवंतीला हाक मारली. शेवंती आली, चप्पल काढून आत पाय टाकणार, इतक्यात सावित्री ओरडली, "आत येव नको गो! बटणां काळी जातली."

शेवंती उंबऱ्यावरच थांबली. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले.

"एक नवी बाई हजेरीत घालूची रवली आसा म्हणतत. कशी घालतत?"

"डी दाबा, वयनी. आता पाच."

सावित्रीने पाच दाबलं. पडद्यावर 'नवी बाई' उमटलं. मेनू चोख चालत होता.

"आता?"

"आता नाव लिवा."

"कोणाचां गो?"

"माजां," शेवंती म्हणाली, आणि उंबऱ्यावरून एकेक अक्षर सांगू लागली.