सरकारी जंगलातले रामटेकेकाका

एप्रिल उजाडला की रामटेकेकाका टर्की पक्ष्याच्या मादीचा आवाज काढू लागत. अमेरिकेतल्या कॅरी गावात, आमच्या गल्लीत कचऱ्याचे डबे बाहेर आणताना, सिग्नलला गाडी थांबली की, आणि एकदा तर मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला श्रीखंडाच्या रांगेतसुद्धा. शिट्टी वगैरे काही नाही, नुसता घशातून. पुढच्या बाई दचकल्या, तेव्हा काकूंनी "रियाज चालू आहे त्यांचा" म्हणून वेळ मारून नेली.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे, औषध कंपनीतून निवृत्त झालेले केमिस्ट आणि हौशी शिकारी. वसंतात रानटर्कीचा नर मादीच्या हाकेला येतो. शिकाऱ्याने झाडाला पाठ लावून ती हाक द्यायची आणि वाट पाहायची. मंडळात या छंदावर नाकं मुरडली जात. "काका, बिचाऱ्याला फसवून मारता?" असं मी एकदा त्यांना म्हणालो. समोर माझ्याच घरची चिकन बिर्याणी होती. ताटाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "काऊन रे, ही कोंबडी खुशीनं आली होती का?"

ओळखीच्या शेतकऱ्यांनी त्यांना आपापल्या रानात बोलावून पाहिलं, पण काका जात ते फक्त सरकारी जंगलात, दीड तास ड्राइव्ह करून. फाटकाशी कुणाची गाडी आधीच उभी दिसली, की आत न शिरता परत फिरत. "सगळ्यांची जागा आहे, म्हणून आधी आलेल्याची," हा त्यांचा नियम. एवढ्या लांब जाऊन हात हलवत परत यायचं, याची मी थट्टा केली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आमच्या गावात तळं होतं. आमच्या आज्याला तिथं पाणी भरू देत नव्हते. इथं फाटकावर पाटी लावून सांगतात, या. ती पाटी मी दर वेळी वाचतो."

अलीकडे त्या जंगलात गाड्या वाढल्या आणि पक्षी कमी झाले. काही सकाळी एकही नर ओरडत नसे. मग वन्यजीव खात्याने प्रस्ताव आणला: यापुढे सोडतीत नाव निघेल त्यालाच शिकार. काकांचे गुडघे दुखत होते, म्हणून सुनावणीला मी त्यांना घेऊन गेलो. सभागृहातले बहुतेक शिकारी विरोधात होते. काकाही तावातावाने विरोध करणार अशी माझी खात्री होती. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला असे किती वसंत मिळणार? ते उठले आणि सोडतीच्या बाजूने बोलले. "पक्षीच संपले तर ही जागा कुणासाठी खुली ठेवणार?" एवढंच. मागून कोणीतरी चिडून ओरडलं.

परतताना मी म्हटलं, "काका, तुमचंच नाव नाही निघालं तर?"

"तर नाही निघालं," ते म्हणाले.

सोडत सुरू झाली. काकांचं नाव निघालं नाही.

त्या एप्रिलमध्ये त्यांनी मला नुसतं फाटकापर्यंत न्यायला सांगितलं. तिथे एक पिकअप ट्रक उभा होता. आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. उजाडलं, आणि झाडीत नर ओरडला, अगदी जवळ. काकांचा गळा हलला.

"द्या ना हाक," मी कुजबुजलो. "बंदूक तर नाहीये."

त्यांनी मान हलवली. "आत कोणाचा तरी नंबर लागला आहे, यार. मी उगाच बोलावलं तर पक्षी इकडं येते, मादी दिसत नाही, मग शहाणा होते. पुन्हा कोणाच्याच हाकेला येत नाही."

नर ओरडत राहिला. काका तोंड मिटून ऐकत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. थोड्या वेळाने आतून एक बार ऐकू आला.

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. एप्रिलमधल्या त्या सकाळी, फाटकापाशी गाडीत बसल्यावर मी त्यांना विचारलं होतं, "वाईट वाटलं?"

"वाटलं ना बापा. काऊन नाही वाटणार?" ते म्हणाले. पण ट्रकवाला पक्षी खांद्यावर टाकून बाहेर येईपर्यंत त्यांनी मला गाडी सुरू करू दिली नाही. त्यांना त्याचं अभिनंदन करायचं होतं.