चार ढीग

चाचणीबाईंना तू किती ओळखत होतास, असं कुणी विचारलं तर मिस्त्री मान खाली घालेल आणि विषय बदलेल. इतकी वर्षं एका कारखान्यात काढली, पण बाईंना गोड आवडायचं की तिखट, हेही त्याला सांगता यायचं नाही. त्यांनी लग्न का केलं नाही, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. इथे जे सांगितलं आहे त्यातलं थोडं त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बरंचसं मागाहून बाईंच्या वहिनींनी सांगितलं. जिथे दोघांनाही ठाऊक नाही, तिथे भोक तसंच सोडलं आहे.

कारखाना फरशांचा. मातीची पूड भिजवायची, साच्यात दाबायची, वाळवायची आणि मग भट्टीत भाजायची. भट्टी मिस्त्रीच्या ताब्यात होती. तिच्या मागे एक बुटकी खोली होती, तिथे बाई बसत. बाईंचं काम फरशा मोडायचं. दोन लोखंडी दांड्यांवर फरशी आडवी ठेवायची, मधोमध वजन वाढवत न्यायचं आणि ती कितीला मोडते ते बघायचं. "आम्ही घाम गाळून करायचं आणि बाईंनी बसल्या जागी मोडायचं," असं कामगार म्हणायचे. बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "मी इथे मोडते म्हणून लोकांच्या घरात मोडत नाही."

एका वर्षी फरशांना तडे जायला लागले. भट्टीतून गाडा बाहेर आला की निम्मा माल भंगारात. साहेबांनी मिस्त्रीला सगळ्यांसमोर झापलं. भट्टीवाला डुलक्या काढतो, महिनाअखेरीस दुसरा माणूस बघू, असं स्पष्टच बोलले. मिस्त्रीने सगळं मातीवाल्यावर ढकललं.

"ओली माती देतोस आणि वर तोंड करून बोलतोस!"

"माझी माती लोण्यासारखी आहे. तुलाच भट्टी झेपत नाही, म्हातारा झालास."

"म्हातारा कोणाला म्हणतो रे?"

"दोघंही गप्प बसा," बाई खोलीतून बाहेर येत म्हणाल्या. "भांडून फरशी जोडली जात नाही. मला चार ढीग करून द्या."

पहिल्या ढिगात माती नीट वाळलेली, भट्टीही सावकाश गार केलेली. दुसऱ्यात माती वाळलेली, पण भट्टी घाईने उघडलेली. तिसऱ्यात माती जरा ओलसर, भट्टी सावकाश. चौथ्यात माती ओलसर आणि घाईही. बाकी सगळं जागच्या जागी: तेच पाणी, तोच साचा, तीच माणसं. ह्या बाबतीत बाई फार कडक होत्या. चाचणी चालू असताना कुणी नुसतं वाळवणाच्या खोलीच्या खिडकीचं दार लोटलं तरी त्या अंगावर यायच्या. दोन गोष्टी नकळत एकदम बदलल्या की एकीचं पाप दुसरीच्या माथी जातं, असं त्यांचं म्हणणं.

तडे गेले ते फक्त चौथ्या ढिगाला.

"ओल एकटी असली तर फरशी सहन करते," बाईंनी साहेबांना सांगितलं. "घाई एकटी असली तरी सहन करते. दोन्ही एकदम आल्या की मोडते. हे दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही खोटं."

"म्हणजे काढायचं कोणाला?" साहेबांनी विचारलं.

"घाईला काढा."

मिस्त्रीची नोकरी राहिली. त्याने बाईंचे आभार मानायचे ठरवले, शब्दही जुळवून ठेवले, आणि त्यांच्या दारापर्यंत जाऊन "पाणी आहे का प्यायला?" असं विचारून परत आला.

बाई धाकट्या भावाकडे राहत. घरात भाऊ, वहिनी आणि त्यांची एकुलती मुलगी. मुलीला सगळे चिमणी म्हणत. चिमणी आत्याची. आत्याच्या कुशीतच झोपायची, आत्या कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी गळ्यात पडायची. सहा-सात वर्षांची असताना तिला दम लागायला लागला. छाती शिट्टीसारखी वाजायची, ओठ काळेनिळे पडायचे, आणि मग काही दिवस पोर अगदी धडधाकट. डॉक्टर म्हणाले, "ह्याला काहीतरी कारण असतं. धूळ असेल, धूर असेल, खाण्यातलं काही असेल. घरात शोधा."

शोधायचं काम म्हटल्यावर बाईंना कोण अडवणार! घरात त्यांनी कारखान्याचाच कायदा लावला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं. आधी कापसाची उशी गेली. मग दूध बंद. मग पडदे उतरले. मग खिडकीतली कबुतरं हाकलली. फोडणी दार लावून द्यायची, असा हुकूम निघाला. दर वेळी पंधरा दिवस वाट बघायची, आणि पंधरा दिवसांत कधीतरी शिट्टी वाजायचीच.

"आज काय बंद, वन्सं?" वहिनी विचारायच्या. "उशी झाली, पडदे झाले, कबुतरं झाली. आता ह्या घरात मीच तेवढी राहिलेय."

"तुझी पाळी पुढच्या पंधरवड्यात."

"चला, तेवढंच माहेरपण!"

असं हसतखेळत चाललं होतं. पण दम वाढत होता, आणि बाईंच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं. मिस्त्रीला एवढं कळायचं की बाईंच्या घरी भाची आजारी आहे. जास्त विचारलं तर भोचकपणा होईल, म्हणून तो विचारायचा नाही.

एका संध्याकाळी काम सुटलं. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आत येत होती. बाईंनी डोक्याचा रुमाल सोडला आणि सवयीने झटकला. मातीची पांढरी पूड उन्हात तरंगायला लागली, खाली बसेचना. बाई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी बाही झटकली. पुन्हा तसंच.

"काय झालं, बाई?" मिस्त्रीने विचारलं.

"काही नाही. एक गोष्ट तपासायचीच राहिली."

घरातली प्रत्येक वस्तू बाईंनी संशयाने बघितली होती. बघणाऱ्या बाईंकडे मात्र कोणी बघितलं नव्हतं. त्या स्वतःच रोज संध्याकाळी केसांतून, कपड्यांतून कारखाना घरी नेत होत्या आणि पोर धावत येऊन त्यातच तोंड खुपसत होती.

दुसऱ्या दिवसापासून बाई कारखान्यातच अंघोळ करून, कपडे बदलून घरी जायला लागल्या. पंधरा दिवस वाट बघायची, असं ठरलं होतं. ते पुरे व्हायच्या आत चिमणीला असा दम लागला की भावाने तिला उचलून धावतच दवाखाना गाठला. दोन दिवस नळ्या लावून ठेवलं. डॉक्टरांनी तोंडात फवारा मारायचं नवीन औषध सुरू केलं. पोर घरी आली त्याच दिवशी बाईंनी आपली ट्रंक भरली.

ट्रंक उचलायला मिस्त्री गेला होता. आतल्या खोलीत चिमणी झोपली होती. वहिनी दारात आडव्या उभ्या.

"औषध दिलंय ना डॉक्टरांनी? बघू की थोडे दिवस. तुम्हीच म्हणता ना, एका वेळी एक?"

"ते फरशांना," बाई म्हणाल्या.

"मग नोकरी सोडा."

"औषध कुठून येईल मग? तुझ्या नवऱ्याच्या कामाचं आज आहे, उद्या नाही."

"आणि लोक मला काय म्हणतील? नणंदेला बाहेर काढली म्हणतील."

"म्हणू दे."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला! चार माणसांत तोंड मला दाखवायचंय." वहिनी रडायला लागल्या. "आणि पोरीला काय सांगू?"

"तिला खरं सांगू नकोस. तिला वाटेल, आपल्यामुळे आत्या गेली. एवढ्याशा जिवाला कारण व्हायला लावू नकोस."

कारखान्याजवळ एका खोलीत बाई राहायला गेल्या. चिमणीचा दम कमी झाला. दोन-तीन महिन्यांत शिट्टी पार बंद झाली. पोर जिन्यावरून उड्या मारत उतरायला लागली. हे ऐकून मिस्त्री हिंमत करून म्हणाला, "सापडलं की मग कारण."

"नाही सापडलं." बाई फरशी पुसत होत्या. "मी घर सोडलं आणि औषध सुरू झालं, दोन्ही एकदमच. कशाने बरी झाली, कोण सांगणार? औषधानेच झाली असेल तर मी उगाच इथे बसलेय."

"मग जाऊन बघा थोडे दिवस."

"आणि दम लागला तर? किंवा मी लांबच राहते आणि औषध बंद करून बघते, असं?" त्यांनी फडकं खाली ठेवलं. "इथे चार ढीग करता येतात, मिस्त्री. चौथा मोडला तर भंगारात टाकायचा. पोरगी एकच आहे. तिचे ढीग कसे करू?"

"पोरगी बरी आहे ना, मग झालं तर," एवढंच मिस्त्री म्हणाला. नंतर पुष्कळ दिवस त्याला वाटत राहिलं की ह्याहून बरं काही बोलता आलं असतं. काय, ते अजूनही त्याला सापडलेलं नाही.

लोकांना असल्या अडचणी नसतात. त्यांनी कारणं पटापट लावली. चाळीतल्या बायका म्हणाल्या, वहिनीने काढली. भावाच्या कामावरचे म्हणाले, जागेवरून बहीणभावाचं बिनसलं. कारखान्यात एका तोंडाळ माणसाने मिस्त्रीकडे बघून डोळा मिचकावला, आणि त्या दिवसापासून मिस्त्री बाईंच्या भट्टीमागच्या खोलीत कामाशिवाय पाऊल टाकेनासा झाला. वहिनी सगळं ऐकून घ्यायच्या. तोंडावर बोलणाऱ्या शेजारणीला त्यांनी एकदाच सुनावलं, "हो, मीच काढली! तुमच्या घरी रिकामी खोली आहे का, तुम्हाला काढते!"

रविवारी बाई डोक्यावरून न्हाऊन, धुतलेले कपडे घालून भावाकडे जायच्या आणि बाहेरच जिन्याच्या पायरीवर बसायच्या. चिमणी वरच्या पायरीवर. पोर खाली सरकली की आत्या एक पायरी खाली. चिमणीला आधी तो खेळ वाटला. मग वाटेनासा झाला.

बारा-तेरा वर्षांची असताना ती एकटी कारखान्याच्या फाटकाशी आली. सुट्टी होऊन माणसं बाहेर पडत होती. बाई आणि मिस्त्री मागेपुढे चालत होते. बाईंच्या अंगावर कामाचेच कपडे, भुवयासुद्धा पांढऱ्या. चिमणी धावत आली. बाई झटकन मागे सरल्या आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तिथेच थांब! पुढे येऊ नकोस."

"का?" पोरीचा चेहरा लाल झाला. "मला मारलंस तरी चालेल, पण का ते सांग ना. मी काय केलंय?"

"काही नाही केलंस. घरी जा, अंधार पडेल."

"आई म्हणते, तू कामात असतेस. तू कामात नसतेस. तुला मी नकोच आहे!"

बाईंच्या मागे धरलेल्या हातांची बोटं एकमेकांत घट्ट रुतली होती, ती फक्त मिस्त्रीला दिसली. चिमणी वळून निघून गेली. चालत गेली, नंतर धावत. आणि ती कोपऱ्यावर दिसेनाशी होईपर्यंत बाई कान देऊन उभ्या होत्या. त्या काय ऐकत होत्या, हे मिस्त्रीला फार उशिरा समजलं. एवढं धावूनही पोरीला दम लागला नव्हता.

त्यानंतर रविवारी चिमणी पायरीवर यायची बंद झाली. अभ्यास असायचा, मैत्रिणी असायच्या. पुढे ती शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि तिथेच नोकरीला लागली. ती गेल्यावर वहिनी बाईंना न्यायला आल्या. "आता तरी चला. आता कोणाला भ्यायचं?" बाई म्हणाल्या, "सुट्टीला येते ना ती घरी. येऊ दे मोकळेपणी."

बाईंना खोकला लागला तो नोकरीच्या शेवटच्या वर्षांत. जिना चढताना त्या मधेच थांबून भिंतीवरचा रंग बघितल्यासारखं करायच्या. मिस्त्री म्हणाला, "एकदा दाखवा तरी डॉक्टरला."

"दाखवलं. ह्यात शोधायचं काही नाही. बावीस वर्षं माती हुंगली, दुसरं काही कारण व्हायला जागाच नाही." आणि त्या हसल्या. हसण्याचा शेवट खोकल्यात झाला.

त्या अंथरुणाला खिळल्यावर वहिनींनी दिलेला शब्द मोडला. चिमणीला फोन करून सगळं सांगितलं. वहिनी म्हणतात, ती एवढंच म्हणाली, "निघते मी."

ती आली, रात्रभर आत्याजवळ बसली. काय बोलल्या, ते मिस्त्रीला माहीत नाही आणि त्याने विचारलेलंही नाही. दोन दिवसांनी बाई गेल्या. सगळे निघाले म्हणून तोही स्मशानापर्यंत पोचवायला गेला आणि मागच्या मागे परतला. चिमणी ज्या दिवशी येणार होती त्या दिवशी दुपारी तो नेहमीसारखा बाईंची विचारपूस करायला गेला होता, तीच शेवटची भेट. बाईंना बोलताना धाप लागत होती, पण वहिनींकडून त्यांनी वेणी घालून घेतली होती.

"मिस्त्री, बाहेर खुर्ची आहे, ती आत आणता का? संध्याकाळी येतेय ती."

त्याने खुर्ची आणली. "कुठे ठेवू? दारापाशी?"

"नको. इकडे आणा."

"इथे?"

"अजून थोडी. कॉटला लागू दे."

"पाय ठेवायला जागा उरत नाही, बाई."

"असू दे."