बॅस्त्यावचं नाव

दाराबाहेर चपला आणि कडीला कुलूप. पहिलं खटकलं ते हे.

चपला फिलूमावशीच्या, रोजच्या निळ्या. आमचा दर गुरुवारचा बायबलमधलं शुभवर्तमान वाचायचा गट आज तिच्याकडे, उत्तनजवळच्या डोंगरीत, पाच वाजता. मी शांती नगरहून साडेचारलाच पोचले, कारण बस चुकेल या भीतीने मी नेहमी एक आधीची पकडते. फोन लावला. रिंग जातेय, उचलत नाही. आत वाजतोय का म्हणून दाराला कान लावला, तेवढ्यात मागे मांजराने डबा पाडला आणि मी चक्क किंचाळले!

सत्तरीची एकटी बाई, गेल्याच गुरुवारी चक्कर आलेली. मी पायरीवर बसले. या गटाचे किस्से इतके साचलेत की एक आठवला की मागून चार येतात. आणि आज प्रत्येकात तीच.

माझा पहिला दिवस. शुभवर्तमानाची सुरुवात म्हणजे येशूच्या पूर्वजांची नावंच नावं! मी म्हटलं, "हे स्किप करूया ना? डायरेक्ट जन्मापासून घेऊ."

मावशीने चष्म्यावरून बघितलं. "तुज्या लग्नाच्या पत्रिकेत तुज्या आजाचं नाव स्किप करू?"

तेव्हापासून पद्धतच पडली. नवीन माणूस आला की पुन्हा पहिल्या पानापासून वाचायचं, आणि ती नावं संपली की प्रत्येकाने आपल्या घरची नावं म्हणायची. गेलेली, असलेली, सगळी.

दुसरा फोन. तिसरा. नाही.

आमचे डोमिनिक अंकल वाचताना राहाबेच्या नावाशी आले की जोरात खोकतात. वेश्या होती ना ती! एकदा मावशीने मधाची बाटलीच पुढे केली. "चाट. आनी परत वाच."

एकदा मी धीर करून विचारलं, "मावशी, प्रार्थना करतानाही मला धडधडतं. माझा विश्वास कच्चा आहे का?"

ती सुके बोंबील निवडत होती. "ती नावं बघ. लबाड हायत, खुनी हायत, भावाला विकणारे भाव हायत. असल्या घरात तो जन्मला. तुज्या घरात यायला त्याला लाज वाटंल?"

"म्हणजे मी काय करायचं?"

"दार उघडं ठेवायचं. धडधडू दे की!"

आणि आज तिच्याच दाराला कुलूप.

सहावा फोन. मग डोमिनिक अंकलना लावला, तर तो बंद.

गेल्या गुरुवारी नया नगरहून एक नवीन ताई आली, म्हणून पुन्हा पहिलं पान. अंकलनी आपली नावं म्हटली. आई, बाप, बायको, मुलगी.

"आनी?" मावशी.

"झाली."

"बॅस्त्याव?"

बॅस्त्याव म्हणजे अंकलचा धाकटा भाऊ. राहतो उत्तनलाच, पण बारा वर्षं दोघांत बोलणं नाही. आमच्यातल्या कोणी त्याला पाहिलेलंही नाही.

"बापाची होडी मला न विचारता विकली त्याने! त्याचं नाव माझ्या तोंडून येणार नाही!"

मावशीने पानावर बोट ठेवलं. "भावाला विकणारेबी हितं लिवलेत. गाळले न्हायत."

अंकल ताडकन उठून निघून गेले. मावशी त्यांच्या मागे जायला उठली, आणि भिंत धरून खाली बसली. पाणी पाजलं तेव्हा पहिलं काय म्हणाली? "तो नाव घेत न्हाय तवर पान उलटू नका."

शेजारीण दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आली. मी धावलेच.

"फिलू? दुपारी गेली रिक्षातनं. चांगल्या सँडली घालून. संगती कुनी पुरुष हुता."

"दवाखान्यात नेलं का?"

"म्हाईत न्हाय गो. तिचा हात धरलेला त्याने."

सातवा. आठवा. पाचला पाच कमी. नववा...

उचलला!

"मावशी?"

पुरुषाचा आवाज. अनोळखी. "कोण तुम्ही? तिचा फोन तुमच्याकडे कसा? मावशी कुठेय?"

"हाय, हाय. माज्या घरी हाय, चाय पिते. घाबरू नको."

मागे कोणीतरी जोरात खोकलं. तो खोकला मी कुठेही ओळखेन!

"पण तुम्ही कोण?"

"मी? मी बॅस्त्याव."